हातची सुरमई

माझा साळा बँकेत लागला आणि पहिलीच नेमणूक त्याला समुद्राकाठी मिळाली, मालवणच्या बाजूला. लाखांदूरचा पोरगा. घराच्या चारही अंगांना धानाच्या बांध्या, आणि वैनगंगेपेक्षा मोठं पाणी त्याने जन्मात पाहिलेलं नव्हतं. माझ्या सासूने डोळ्यांतलं पाणी थांबू दिलं नाही. भंडाऱ्यातून फुटून गोंदिया वेगळा जिल्हा झाला, तेव्हा तिच्या भावाचं गाव त्या जिल्ह्यात गेलं म्हणून ती हळहळली होती. आता तर पोरगा महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला निघाला होता.

पण पोरगा तिकडे रमला. इतका रमला, की एके दिवशी त्याने माझ्या मोबाइलवर एक फोटो पाठवला. लांबट, केशरी रंगाची प्लास्टिकची होडी, तिच्यात पाय पसरून बसलेला हा, आणि मांडीवर आडवी पडलेली सुरमई. तोंड होडीच्या एका बाजूने बाहेर, शेपूट दुसऱ्या बाजूने. मी दुकानात होतो. समोर एक आजीबाई नऊवारीचा पदर उन्हात धरून रंग पाहत होत्या. त्यांनी दोनदा विचारलं तरी मला ऐकू आलं नाही.

आमचं घर आंधळगावच्या विणकरांचं. आजोबा मागावर बसायचे, वडिलांनी माग सोडून कापडाचं दुकान टाकलं, आणि त्या दुकानात मी बसतो. दिवसभर गादीवर मांडी घालून साड्या उलगडायच्या आणि घड्या घालायच्या. लहानपणी तलावात पोहायचो, गळ टाकून बसायचो, ते सगळं दुकानाने खाल्लं. म्हणून असेल कदाचित, पण त्या फोटोने माझ्या डोक्यात घर केलं.

साळ्याला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊजी, याले कायाक म्हणतात. इंजन नाही, शीड नाही, आपणच वल्हवायचं. या ना तुमी. तलावात पोहता ना? मंग काय!"

बायको भाकरी थापत होती. तिने मान वर न करता विचारलं, "मासोळीसाठी एवढ्या दूर कायले जाता? बाजारात भेटत नाही काय?"

मी तिला समजावू शकलो नाही. मलाही ते नीट समजलेलं नव्हतं.

पहिल्या खेपेला भंडारा रोडवरून गाडी धरली. मुंबईपर्यंत एक गाडी, पुढे कोकणातली दुसरी, मग एसटी. पोचेपर्यंत अंग आंबून गेलं होतं. साळ्याने ओळखीच्या एका खानावळवाल्याची कायाक माझ्यासाठी मागून ठेवली होती. सकाळी किनाऱ्यावर त्याने मला सगळं शिकवलं. जिवंत बांगडा गळाला लावून मागे सोडायचा आणि हळूहळू वल्हवत राहायचं. गळाची काठी, म्हणजे रॉड, बैठकीच्या मागच्या नळीत उभा खोचलेला. रीलवर एक चाकी असते. ती सैल केली की मासा ओढेल तशी दोरी सुटते, घट्ट केली की थांबते. "मोठी मासोळी लागली तर चाकीले हात लावू नका," तो म्हणाला. "तिले पळू द्या. थकली का आपोआप येते."

लाटा ओलांडून आत गेल्यावर पाणी शांत झालं. किनाऱ्यावरचे माड बोटभर उंचीचे दिसायला लागले. मला भीती वाटत होती आणि मजाही. एवढ्यात मागे रील ओरडलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. दोरी अशी सुटत होती की रील खरोखर किंचाळत होतं. मी वळून रॉड उपसला, आणि इतक्या वेळा सांगितलेलं असूनही माझा हात चाकीवर गेला. घाबरलेल्या माणसाचा हात जे करतो तेच त्याने केलं. चाकी घट्ट आवळली.

कायाक एका बाजूला कलली. पाणी मांडीवर आलं. मी तोल सावरायला काठ धरला आणि रॉड हातातून गेला. रॉड, रील, सगळंच. पाण्यावर एक साधी रेघसुद्धा उरली नाही.

साळा जवळ आला. रॉड त्याचा होता आणि त्याचा आवडता होता, हे मला ठाऊक होतं. तो म्हणाला, "जाऊ द्या भाऊजी. होते असं."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. परतीच्या पूर्ण प्रवासात ते "जाऊ द्या" माझ्या कानात वाजत होतं. वर्धा मागे पडलं तोवर मी ठरवून टाकलं होतं. ही मासोळी मला पाहिजे. कुणीतरी पकडून दिलेली नको, मी स्वतः पकडलेली पाहिजे.

इथूनच माझी फजिती सुरू झाली. पहिली अडचण अशी, की समुद्राचं आणि कापड दुकानाचं मुळीच पटत नाही. सुरमई मिळते ती पावसाळा संपल्यावर, समुद्र निवळल्यावर. आणि आमच्याकडे तेव्हाच दिवाळी येते. दिवाळी संपते न संपते तोच गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते. घराघरात पाहुणे, लेकीबाळी, प्रत्येकीला साडी. मग धान निघतं, लोकांच्या हातात पैसा खेळतो, तुळशीचं लग्न होतं आणि लग्नांची खरेदी सुरू होते. मला श्वास घ्यायला सवड मिळते ती पावसाळ्यात. सगळा गाव धानाच्या रोवण्याला शेतात असतो, दुकानात माशा सुद्धा येत नाहीत, आणि तेव्हा समुद्र खवळलेला. मी कॅलेंडर भिंतीवरून काढून गादीवर पसरून पाहिलं, पण एकही मोकळा आठवडा सापडला नाही. वडील चष्म्यावरून बघत होते. म्हणाले, "पंचांग पाहून रायला का? कोनाचं लगन हाय?"

सराव तरी करावा म्हणून मी एक जुनी कायाक शोधून काढली. नागपुरात एकाने हौसेने घेतली होती आणि ती गच्चीवर पडून होती. कापडाच्या गाठी आणणाऱ्या टेम्पोवर बांधून ती आंधळगावात आली. चौकात टेम्पो थांबला तसे लोक गोळा झाले. जवळच्या करडी गावचा माझा दोस्त तिथेच चहा पीत होता. त्याचं धानाचं काम, आणि तोंड फार चालतं. त्याने होडीवर हात फिरवला आणि विचारलं, "काहून गा, हे का होय? ढोराच्या पाण्याची टाकी?"

"डोंगा होय," मी म्हणालो.

"डोंगा? आन भोकं कायले पाडले याले?"

ती भोकं पाणी निचरून जायची होती. ती असूनही होडी बुडत नाही हे मी त्याला चौकात उभं राहून समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि बाकीच्यांकडे वळून म्हणाला, "भोकाचा डोंगा घेतला भाऊनं."

त्यानंतर मला बघून हाक मारायची झाली की पोरं तेच ओरडायची.

तलावात गळ टाकायची सोय नव्हती. मासेमारीचा हक्क गावच्या ढिवरांच्या सोसायटीचा. मी परवानगी विचारायला गेलो तर अध्यक्षांनी शांतपणे सांगितलं, "डोंगा चालवा, पोहा, काही करा. गळ नाही टाकायचा." त्यांचं बरोबर होतं. माशांचं बीज त्यांनी सोडलेलं, राखण त्यांची. पण मग मी मासा ओढायचा सराव करायचा कशावर? आणि तलावाच्या अर्ध्या भागात शिंगाड्याचे वेल. पहिल्याच दिवशी वल्हं त्यात असं गुंतलं, की ते सोडवताना शिंगाड्याच्या काट्यांनी बोटं फोडली. दुसऱ्या दिवशी रंगीत साड्यांना हात लावताना प्रत्येक साडीवर डाग पडेल की काय म्हणून जपावं लागलं.

तोड माझ्या दोस्ताने काढली. म्हणाला, "मीच होतो तुयी मासोळी. गाडीले दोरी बांध. मी पारीवरून पळवतो."

तलावाची पार, म्हणजे बांध, रुंद आहे, वर कच्चा रस्ता आहे. दोरीचं टोक आम्ही त्याच्या मोटारसायकलच्या मागच्या दांडीला बांधलं. मी तलावात, हातात नवा घेतलेला रॉड, चाकी सैल. तो हळू निघाला. रील फिरलं, दोरी सुटली. मी जरा चाकी आवळली, होडी त्याच्या दिशेने सरकली. पुन्हा सैल, पुन्हा घट्ट. वाटलं, जमलं की! दोन-चार दिवसांत हात बसला. चाकीला घाबरणं गेलं. तो मधूनच थांबायचा, मधूनच एकदम वेग वाढवायचा, आणि ओरडायचा, "मासोळी चिडली! मासोळी चिडली!"

मग एका दुपारी त्याला फोन आला. तांदळाच्या गिरणीतून कुणीतरी तातडीने बोलावत होतं. त्याने फोन कानाला लावला, दुसऱ्या हाताने गाडी वळवली आणि दोरी विसरून सरळ रस्त्याला लागला. मी ओरडत होतो. रीलवरची दोरी संपली. होडी फिरली, आडवी झाली, आणि मी घाटावर कपडे धूत असलेल्या बायांच्या समोर, अगदी त्यांच्या धुण्याच्या दगडांपाशी, उलटा झालो. त्यात माझी चुलतमामी होती. तिने मला हात देऊन वर काढलं आणि विचारलं, "घरी भांडन झालं का रे बाबू?"

दुसऱ्या खेपेला जायला मी दिवाळी संपता संपता वडिलांशी वाद घालून निघालो. मंडईच्या दिवसांत दुकान सोडून जाणारा मुलगा त्यांच्या मते मुलगाच नव्हे. मी गेलो. साळ्याने स्टेशनवर मला पाहिलं आणि त्याचा चेहराच सांगून गेला. समुद्रात लांब कुठेतरी वादळ होतं. किनाऱ्यावर ऊन होतं, आकाश स्वच्छ होतं, पण लाटा भिंतीसारख्या येत होत्या. मोठ्या होड्यासुद्धा वाळूवर ओढून ठेवलेल्या.

रोज सकाळी मी किनाऱ्यावर जाऊन बसायचो. साळा बँकेत जायचा. खानावळवाला मला दुपारी मासळीचं ताट वाढायचा आणि म्हणायचा, "उद्या बसतलो वारो." तो रोज म्हणायचा आणि वारा रोज तसाच. माझी सुटी म्हणजे काय, मीच मला दिलेली, ती संपली. परतीच्या गाडीत बसलो. गाडीने घाट चढायला घेतला आणि साळ्याचा फोन आला. आनंदाने सांगत होता, "भाऊजी, आज समुद्र पाहा, ताटासारखा झाला!"

मी फोन बंद केला. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, काही वाईट बातमी का. मी हो म्हणालो.

तिसऱ्या खेपेला बायको सोबत आली. म्हणाली, "पाहून तरी घेतो, काय हाय त्या पाण्यात." वडिलांना या वेळी तिनेच पटवलं. भावाला भेटायचं आहे म्हटल्यावर ते तयार झाले.

या वेळी समुद्र खरोखर ताटासारखा होता. पहाटेचं उजाडलं आणि मी आणि साळा आत गेलो. किनाऱ्यावर बायको वाळूत बसली होती, तिची हिरवी साडी बराच वेळ दिसत राहिली. लांब पाण्यावर पांढरे पक्षी गोंधळ घालत होते. साळ्याने हाताने खूण केली. लहान मासळीचा थवा वर आला की खाली मोठी असते. आम्ही त्या कडेने वल्हवायला लागलो.

रील किंचाळलं. मी रॉड उचलला. हात चाकीवर गेला नाही. दोरी जाऊ दिली, नुसती जाऊ दिली. ती गेली तशी होडी तिच्या मागे चालू लागली, जशी तलावात चालायची. पण मोटारसायकलला जीव नव्हता, या माशाला होता. दोरीतून त्याच्या डोक्याचा प्रत्येक झटका माझ्या कोपरापर्यंत येत होता. तो थांबला की मी दोरी गुंडाळायची, पळाला की सोडायची. हात भरून आले, मनगट लाकडासारखं झालं. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात नव्हता. साळा बाजूने येत होता, मधून "बराबर, बराबर" म्हणायचा.

आणि मग ती वर आली. आधी पाण्यात एक निळसर झाक, मग पूर्ण अंग. माझ्या पायाहून लांब. अंगावरचे आडवे पट्टे दिसत होते. थकून एका कुशीवर झाली होती. तिचा डोळा मला दिसला. मी इतका खूश झालो की हसायलाच लागलो, एकटाच, मोठ्याने.

"हलू नका भाऊजी," साळा म्हणाला. "मी आकडी टाकतो."

मोठा मासा होडीत घ्यायला काठीला लोखंडी आकडी लावलेली असते. साळ्याने कायाक माझ्या अंगाला लावली, आकडी पाण्याखाली घातली आणि झटक्यात वर ओढली. त्याच क्षणी सुरमईने शेपूट मारली. आकडी तिला न लागता दोरीला लागली. ताणलेली दोरी होती ती. टक् असा बारीकसा आवाज झाला, बटण तुटल्यासारखा.

सुरमई लगेच गेली नाही. हेच मला अजून सहन होत नाही. ती तशीच कुशीवर, माझ्यापासून हातभर लांब, काही क्षण तरंगत राहिली. तिलाही कळलं नव्हतं. मी रॉड टाकून दोन्ही हात पाण्यात घातले. बोटांना तिचं अंग लागलं, थंड आणि गुळगुळीत. मग तिने एकदा अंग वळवलं आणि खाली गेली.

आम्ही दोघे दोन होड्यांत बसून होतो. पक्षी अजून ओरडत होते. साळ्याच्या हातात ती आकडी तशीच वर धरलेली होती.

"भाऊजी," तो म्हणाला.

"काही बोलू नको," मी म्हणालो.

"मी मुद्दाम..."

"मी म्हटलं का मुद्दाम? काही बोलू नको म्हटलं फक्त."

किनाऱ्याला लागलो. बायकोने लांबून रिकामे हात पाहिले होते तरी विचारलं, "काय झालं?" मी सरळ चालत गेलो. मागे तिचा भाऊ तिला सांगत होता, ते ऐकू येत होतं. दुपारी जेवताना ताटात सुरमईचाच तुकडा आला. खानावळवाल्याला काय माहीत! मी ताट सरकवलं. बायको चिडली. भावावर चिडावं की नवऱ्यावर, हे तिला कळेना, म्हणून दोघांवर चिडली. "एवढे मोठे मानसं, आन एका मासोळीसाठी तोंडं पाडून बसले. मी मुंबई पाहाले गेली असती तर बरं झालं असतं."

गावाला आल्यावर कित्येक महिने मी साळ्याशी नीट बोललो नाही. तो फोन करायचा, मी बायकोला द्यायचो. मला माहीत होतं, त्याची चूक नव्हती. माशाने शेपूट मारली, त्याला तो काय करणार? पण माणसाच्या मनाला कुणीतरी लागतंच राग काढायला, आणि समुद्रावर राग काढता येत नाही. दोस्त मात्र रोज दुकानात यायचा. "बाबू, दोरी बांधायची का गाडीले?" मी म्हणायचो, नको.

मग साळ्याची बदली झाली. अर्जावर अर्ज करून त्याला भंडाऱ्यातली शाखा मिळाली. सासूने देवाचा नवस फेडला. सगळे आनंदात. मी एकटाच गादीवर बसून विचार करत होतो, की आता मालवणला जायचं तर कुणाकडे?

तो निघायच्या आदल्या दिवशी मी एका नवरीच्या घरच्यांना शालू दाखवत होतो. मुलीची आई, दोन मावश्या, आजी, सगळ्या पसरलेल्या. मोबाइल वाजला. फोटो होता. साळा वाळूत उभा, दोन्ही हातांनी शेपटीला धरून उचललेली सुरमई, आणि तिचं तोंड वाळूला टेकलेलं. खाली लिहिलं होतं, "भाऊजी, शेवटच्या दिवशी सहज गेलो होतो."

सहज!

मी उलगडलेला शालू तसाच हातात धरून राहिलो. मुलीची मावशी म्हणाली, "भाऊ, हा रंग नको घेऊ म्हणता का तुमी?" मी म्हणालो, "रंग चांगला आहे. मला बरं नाही."

तिसऱ्या दिवशी तो आंधळगावात हजर झाला. सामानात एक मोठा थर्माकोलचा डबा होता, चिकटपट्ट्यांनी आवळलेला. वाटेत दोनदा बर्फ बदललेला. डबा उघडला तसा सगळ्या अंगणात समुद्राचा वास पसरला. शेजारपाजारचे येऊन बघून गेले. दोस्तही करडीवरून आला. त्याने मासा डोक्यापासून शेपटीपर्यंत न्याहाळला आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलला नाही.

बायकोने सावजी मसाला वाटला, कारण कोकणातल्यासारखं नारळाचं करायला तिला येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. तेलाचा तवंग, लाल रस्सा, जाड तुकडे. सगळे ओळीने बसलो. साळा माझ्या शेजारी बसला.

मग मीच विचारलं, "किती वेळ झुंजली?"

"जास्त नाही," तो हळूच म्हणाला. "गेलो आन लागली. ओढली आन आली."

"आकडी कोणी टाकली?"

"कोनी नाही. मीच एका हातानं."

मी घास तोंडात घातला. मासा मऊ होता, ताजा होता, मसाला आतपर्यंत मुरला होता. इतकं चांगलं कालवण आमच्या घरात क्वचितच झालं असेल. मला आणखीच राग आला.

"पुढच्या वर्षी," साळा म्हणाला, "मी सुटी काढतो. दोघंही जाऊ. खानावळवाला आपल्याले ओळखतेच."

"दिवाळी झाल्यावर मंडई असते," मी म्हणालो.

"मंग मंडई झाल्यावर."

"मंडई झाल्यावर लग्नं असतात."

वडील रस्सा भुरकत होते, त्यांनी वाटीतून तोंड वर केलं आणि म्हणाले, "जाऊन ये बा एकदाचा. मी बसतो गादीवर. तुयं हे असं तोंड मले रोज नाही पाहावत."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना गुडघ्यांमुळे आता तासभर मांडी घालता येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बायको भांडं घेऊन आली आणि माझ्या ताटावर थांबली.

"वाढू का अजून?"

"वाढ," मी म्हणालो.